बुटांमध्ये निघालेला खर्च

मंदार भरदुपारी घरी आला तेव्हा मी आधी घाबरले ते त्याच्या नोकरीसाठी. इथे परदेशात, बुकित पंजांगला, आमच्याच ब्लॉकमधली दोन घरं अशी गेली. नवरा दुपारी लॅपटॉपची बॅग घेऊन परत आला आणि थोड्याच दिवसांत सामान बांधून सगळे पुण्याला. मी गवार मोडत बसले होते. मंदारने बूट काढले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि पाणीसुद्धा मागितलं नाही. ऑफिसात काही झालं का रे, असं मी विचारलं, तर म्हणाला, "आई, आत्या गेली." क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं, नोकरी शाबूत आहे म्हणून... आणि मग ते शब्द आत पोचले. सकाळचा चहा पिऊन वन्सं जरा आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. अपर्णाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, आधी मंदारला फोन केला. मला थेट सांगायचा तिला धीर झाला नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. त्या गेल्याला आता काही आठवडे झाले. सगळे आपापल्या कामाला लागले. मला मात्र गवार हातात घेतली की तीच दुपार आठवते, म्हणून म्हटलं लिहून काढावं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे लिहायला वेळ लागतो. पण वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांवर लिहितात, ते मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. वन्संवर कोण लिहिणार? त्यांच्या खात्यातले लोक पांगले, आणि अपर्णा इंग्रजी शाळेतली, तिला मराठी बोलता येतं, लिहिताना ती अडखळते.

मी लग्न होऊन खडकीला आले तेव्हा वन्सं आमच्याच घरी राहत होत्या. त्यांचे यजमान लवकर गेले होते, अपर्णा जेमतेम चालायला लागली होती. संरक्षण खात्यात त्यांना कारकुनाची नोकरी लागली होती आणि रोज सकाळी डबा घेऊन त्या सायकलवर जात. संरक्षण म्हटल्यावर मला वाटायचं, या दिवसभर बंदुका मोजत असतील. एकदा भीत भीत विचारलं, तर त्या इतक्या हसल्या की तोंडातला घास काढावा लागला. म्हणाल्या, "बंदुका नाही गं शकू, मोजे. मोजे, बादल्या, डाळ, रंगाचे डबे." एवढ्या मोठ्या फौजेला पायमोजे लागतात आणि ते कुणीतरी बसून मागवतं, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. त्या रात्रीची भांडी घासताना मी किती वेळ तोच विचार करत होते. लाखो माणसं, लाखो पाय...

खात्यातल्या परीक्षा देत देत त्या वर चढल्या. मग एक काळ असा आला की खात्यात सुधारणा करायच्या ठरल्या. हे बंद करा, ते एकत्र करा, अमुक काम बाहेरून करून घ्या, म्हणजे खर्च वाचेल. प्रत्येक योजनेवर लिहिलेलं असे की यातून एवढी बचत होईल. ती खरंच झाली का, हे मागाहून बघायला एक लहानसा कक्ष काढला आणि वन्संना तिथे बसवलं. त्या सांगायच्या, कुणालाच तिथे जायचं नव्हतं. बचत जाहीर होते त्या दिवशी हारतुरे होतात, फोटो निघतात. नंतर तिच्या मागे मागे जाणाऱ्याला कोण विचारतो? वन्संना मात्र ते काम असं काही आवडलं की दौऱ्यावरून आल्या की पदर खोचून माझ्या शेजारी ओट्याशी उभ्या राहत आणि पोळ्या लाटता लाटता सगळं सांगत. घरात दुसरं कुणी ऐकायला तयार नसे. माझे यजमान म्हणत, ताई, ऑफिस फाटकाबाहेर ठेवून ये. मला सगळं कळत होतं असं नाही, पण ऐकताना मी पोळी करपवत असे.

त्यातली बुटांची गोष्ट मी कधी विसरणार नाही. एका ठिकाणी नवीन भरती झालेल्या मुलांना शिकवायचं केंद्र होतं. तिथे दोन टोकांना दोन स्वयंपाकघरं होती. एक बंद करून सगळ्यांचं जेवण एकाच ठिकाणी करायचं ठरलं. आचारी कमी, गॅस कमी, डागडुजी कमी. कागदावर चोख बचत होती आणि ज्या साहेबांनी ती केली त्यांची वाहवा झाली. वन्संनी कागद तपासले, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पुढे एकदा दुपारी डबा खाताना बुटांच्या विभागातली एक बाई सहज कुरकुरली, की अमक्या केंद्राची पोरं बूट खातात की काय, मुदतीच्या आधीच नवे मागतात. केंद्राचं नाव ऐकून वन्संचा घास थांबला. बूट वेगळ्या डब्यातले, जेवण वेगळ्या डब्यातलं. खात्यात प्रत्येक खर्चाचा डबा निराळा असतो आणि एका डब्याचा माणूस दुसऱ्यात डोकावत नाही. वन्सं दुसऱ्या दिवशी गाडीत बसून तिकडे गेल्या.

तिथे जाऊन त्यांनी काय केलं, तर मुलांबरोबर जेवायला चालत गेल्या. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. साडी नेसून, साध्या चपलांत, खडीच्या रस्त्यावरून. दुपारच्या फेरीला चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा एका पोराने खिशातून सुतळी काढून बांधून दिला. वन्संनी त्यांना विचारलं, एवढं लांब जावं लागतं, त्रास होत नाही का? तर पोरं हसायला लागली. म्हणाली, मॅडम, आम्ही चालायलाच तर आलोय इथे. कुणाचीच तक्रार नव्हती. पण जेवून परत येईपर्यंत दुपारच्या वर्गाचा पहिला भाग बुडत होता. पाऊस असला की त्यांना ट्रकने नेत, त्याचं डिझेल तिसऱ्याच डब्यातून जाई. आणि त्या खडीने बुटांचे तळ सोलून निघत होते. स्वयंपाकघराचा वाचलेला खर्च बुटांत, डिझेलात आणि पोरांच्या शिकण्यात जाऊन बसला होता.

हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आजही येतो. एवढं अफाट खातं, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं, आणि त्यात एक बाई डबा खाताना एक कुरकुर ऐकते आणि तिच्या मागे जात जात हरवलेला पैसा शोधून काढते. कुणी चोरलेला नव्हता तो. फक्त एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी गेला होता.

साहेबांना ते रुचलं नाही. त्यांनी वन्संना बोलावून सांगितलं, बाई, तुम्हाला खात्याचं चांगलं झालेलं बघवत नाही. वन्सं म्हणाल्या, "साहेब, खर्च थांबला असेल तर थांबला असं लिहीन. पण तो चालत दुसरीकडे गेला असेल, तर कुठे गेला तेही लिहीन." अहवाल परत आला, त्यांनी तोच पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला, पुन्हा पाठवला. शेवटी तसाच नोंदला गेला. ते दुसरं स्वयंपाकघर पुढे सुरू झालं का, असं मी विचारलं होतं. ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं, कारण तोवर त्यांची बदली झाली होती. वाईट नाही का वाटलं, म्हटलं तर म्हणाल्या, वाटलं ना, त्या केंद्राच्या गावात पेढे फार छान मिळायचे.

त्यांना नुसती खोट काढण्यात रस होता असं कुणी समजू नये. एका डेपोत तंबू पावसाळ्यानंतर घडी घालून रचून ठेवत, त्यांना बुरशी धरे. तिथल्या कुणीतरी ते आधी दोरीवर टांगून वाळवायला सुरुवात केली. ना योजना, ना हार. पुढे त्या डेपोची नव्या तंबूंची मागणी कमी होत गेली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. वन्संच्या आलं. त्यांनी ती बचत डेपोच्या नावावर नोंदवली आणि त्या दिवशी घरी येताना सगळ्यांना आइस्क्रीम आणलं. कुणाचा वाढदिवस, असं शेजारच्या विचारायला आल्या, तर वन्सं म्हणाल्या, तंबूंचा.

मी इथे आले ती यजमान गेल्यानंतर. मंदारने मला इथे राहायचा पास काढून दिला. वन्सं त्याआधीच याच शहरात, अपर्णाकडे सेरंगूनला राहायला आल्या होत्या. मी आले तेव्हा मंदारकडे रोझ नावाची हेल्पर होती, दिवसरात्र घरातच राहायची, हसतमुख बाई. तिचा करार संपला तेव्हा तो पुन्हा करायचा नाही असं ठरलं. त्यात वावगं काही नव्हतं. मी घरात होतेच, मला स्वयंपाक येतो, आणि नातीला, इराला, शाळेतून आणायला आजीसारखं कोण? केतकी, माझी सून, मला म्हणालीसुद्धा होती, आई, तुम्हाला झेपेल ना? मी म्हटलं होतं, न झेपायला काय झालं.

मला फक्त एकदा जुन्नरला जाऊन यायचं होतं. तिथे माझी थोरली बहीण आहे, आक्का. तिला आता माणसं ओळखू येईनाशी झाली आहेत. भाचा फोनवर सांगायचा, मावशी, आज शेजारणीला आई समजली, आज मला मामा म्हणाली. तुझं नाव अजून घेते पण... तो "पण" मला झोपू देत नसे. तिने मला ओळखणं थांबवायच्या आत मला जायचं होतं. पण इराच्या परीक्षा आल्या, मग केतकीच्या ऑफिसात मोठं काम निघालं, मग मंदारला दौरे. दर वेळी मीच म्हणायचे, जाऊ दे, पुढच्या महिन्यात बघू. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा काहीतरी असायचंच.

मागच्या वर्षी अपर्णा आणि जावई बाहेरगावी गेले तेव्हा वन्सं आमच्याकडे आठवडाभर राहिल्या. पहिल्याच संध्याकाळी जेवताना मंदार कौतुकाने म्हणाला, "आत्या, तुला आवडेल असं सांगतो. आई आल्यापासून हेल्परचा पगार वाचला, सरकारला भरायची लेव्ही वाचली, तिचं जेवणखाण वाचलं. आमच्या घरातली ही सगळ्यात यशस्वी सुधारणा." सगळे हसले, मीही हसले. वन्संनी भातावर तूप वाढून घेतलं आणि विचारलं, कधीपासून? मंदारने सांगितलं. त्या बरं म्हणाल्या आणि जेवू लागल्या.

मग तो आठवडा त्या माझ्याबरोबर चालल्या. हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही. मला वाटलं, कंटाळा येत असेल म्हणून येतात. सकाळी मी खाली भाजीला निघाले की त्या चपला घालून तयार. इराला आणायला एलआरटीच्या छोट्या रेल्वेने जाताना त्या, येताना त्या. लिटिल इंडियाला सामान आणायला गेलो, तर एक पिशवी त्यांनी घेतली आणि परतीच्या प्रवासात पूर्ण वेळ मांडीवर धरली, खाली ठेवली नाही. मी म्हटलं, वन्सं, खाली ठेवा हो, तर म्हणाल्या, वजन बघतेय. दुपारी मी मधेमधे मनगट चोळत इस्त्री करायची तेव्हा त्या शेजारी स्टुलावर बसायच्या. मला पूर्वीची आमची खडकीची दुपार परत आल्यासारखं वाटायचं. बोलता बोलता आक्काचा विषय निघाला आणि मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं की तिकीट किती वेळा पुढे ढकललंस. मी म्हटलं, काढलंच नाही तर ढकलणार कुठून?

शेवटच्या संध्याकाळी जेवणं झाली होती, मी सिंकपाशी होते. वन्सं टेबलावरूनच म्हणाल्या, मंदार, परवा तू ती बचत सांगितलीस ना, ती मी बघितली. त्याला वाटलं गंमत करते आहे. म्हणाला, मग, पास की नापास? वन्संचा आवाज बदलला. ऑफिसात त्या अशाच बोलत असणार, असं मला वाटलं, सावकाश आणि कुणावर न रागावता.

"खर्च थांबलेला नाही रे," त्या म्हणाल्या. "तो शकूकडे गेलाय. तिच्या मनगटाकडे गेलाय, तिच्या झोपेकडे गेलाय. आणि जुन्नरला तिची बहीण तिला विसरत चालली आहे, तिकडे गेलाय."

 मी नळ बंद करायचा विसरले होते. केतकीचे डोळे भरले. ती म्हणाली, आत्या, आम्ही आईंना कधी काही करा असं म्हटलं नाही हो. खरंच होतं ते. वन्सं तिला म्हणाल्या, "म्हटलं नाहीत, म्हणून तर कुठे नोंद नाही." मला लाज वाटायला लागली. मी हात पुसत म्हटलं, वन्सं, राहू द्या, मला काही त्रास नाही. तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "ती पोरंही हेच म्हणाली होती, चालायलाच आलोय म्हणून. ज्याच्यावर पडतं तो कधी सांगत नाही, शकू." आणि मग थांबून, मंदारकडे न बघता, टेबलावर बोट फिरवत म्हणाल्या, "मला हे कळतं, कारण मीही तेच केलं. मी देशभर हिंडून लोकांचा लपलेला खर्च शोधत होते, तेव्हा माझी अपर्णा कुणापाशी होती? तिचा ताप कुणी काढला? माझे सगळे दौरे हिने भरले. मी सगळ्यांचं लिहिलं, हे कुठेच लिहिलं नाही."

एवढी वर्षं मी त्यांना ओळखत होते. त्या कुठेही जाऊन काहीही शोधू शकतात, हे मला माहीत होतं. पण त्या स्वतःच्या घरातही तशाच गेल्या, स्वतःलाही सोडलं नाही, हे बघून मी थक्क झाले. मला तर त्या दिवसांचं कधी काही वाटलं नव्हतं. अपर्णा माझ्या कुशीत झोपायची, मला बरं वाटायचं, एवढंच.

जाता जाता त्यांनी वातावरण हलकं केलं. म्हणाल्या, आणि मंदार, एक बचत तू धरलीच नाहीस. इरा रोज रात्री आजीशी मराठीत भांडते. त्याची शिकवणी लावली असतीस तर काय पडलं असतं? इरा आतल्या खोलीतून, इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' जोडत, ओरडली, "मी भांडत नाही लाह, आजीच चीटिंग करते पत्त्यांत." तेव्हा कुठे सगळे हसले.

 त्यानंतर दोनतीन दिवसांनी सकाळी चहा घेताना मंदार म्हणाला, आई, जुन्नरला कधी जायचं? मी सवयीने म्हणाले, बघू. तो म्हणाला, बघू नाही, तारीख सांग. मी गेले, दोन महिने राहिले. इकडे त्यांनी कसं केलं ते मी विचारलं नाही, पण परत आले तेव्हा इस्त्रीला आणि साफसफाईला आठवड्यातून काही वेळ एक बाई येऊ लागली होती आणि रविवारचा स्वयंपाक मंदार करत होता. भात चिकट होतो, आम्ही खातो.

आल्यावर मी वन्संना भेटायला सेरंगूनला गेले. ती आमची शेवटची निवांत भेट. त्या थकल्या होत्या, गादीवर टेकून बसल्या होत्या. मी बसायच्या आतच त्यांनी विचारलं, ओळखलं? मी म्हटलं, काही दिवस ओळखलं, काही दिवस नाही. एकदा रात्री माझा हात धरून म्हणाली, शकी, तुझ्या वेणीत गाठ झाली आहे, इकडे ये. वन्संनी डोळे मिटले.  मग म्हणाल्या, सोडवली का तिने गाठ? मी म्हटलं, सोडवली... माझे केस आता एवढेसे, त्यात कसली गाठ, पण ती बोटं फिरवत राहिली आणि मी बसून राहिले.

परवा अपर्णाने मला बोलावलं, आईची खोली आवरायला. मी एकटीच गेले. साड्या काढल्या, औषधं वेगळी केली, चष्मे एका पिशवीत घातले. वन्संची गादी अजून तशीच होती, मध्ये थोडी दबलेली. पलंग खिडकीकडे तोंड करून ठेवावा असं अपर्णाचं म्हणणं असायचं, बाहेर झाडं आहेत म्हणून. वन्संनी तो दाराकडे तोंड करून ठेवायला लावला होता. घरात कोण आलं, कोण गेलं, कोण किती दमून आलं, हे त्यांना तिथून दिसायचं. आवरता आवरता अपर्णा म्हणाली, मामी, आमच्या फ्लॅटचा करार संपतोय. आता दोघंच आहोत, लहान जागा घेतली तर भाडं किती वाचेल. म्हणाली आणि घडी घातलेली साडी तिने पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

मी तिला काही सांगू शकले असते. वन्संनी सांगितलं असतं. मला तसं बोलता येत नाही. मी म्हटलं, "अपर्णा, मला महिन्यातून एकदा इथे येऊन राहायचं होतं गं. या खोलीत."

तिने साडी बाजूला ठेवली. म्हणाली, मामी, तुम्ही आजवर कधी काही मागितलं नाहीत. मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि लहानपणी झोपायची तशी माझ्या कुशीत शिरून रडली. कराराचं पुन्हा बोलली नाही. पुढे त्यांचं काय ठरेल ते त्यांचं त्यांनी बघावं.

संध्याकाळ व्हायला लागली तेव्हा मी मंदारला फोन केला. म्हटलं, मी आज येत नाही, जेवणाचं तुम्ही बघा. तो म्हणाला, बरं आई, सावकाश ये. मी फोन ठेवला आणि त्या दबलेल्या जागी आडवी झाले. अपर्णा ऑफिसचा फोन घ्यायला बाहेर गेली होती, दार उघडंच होतं. तिथून ती अर्धी दिसत होती. बोलता बोलता तिने मान एका बाजूला कलती केली आणि दुसऱ्या हाताने खांदा दाबला. बऱ्याच दिवसांत ती नीट झोपलेली नसावी.